शॉट सुटण्याआधी काय घडते ते पाहा

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही अमेरिकेत मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरपासून जवळ राहतो. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून शाळेच्या ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे दुसऱ्या फळीच्या संघात लॅक्रॉसचा (टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळाचा) गोलरक्षक म्हणून खेळतो. त्याला या खेळाचे वेड आहे. रोज रात्री झोपण्यापूर्वी तो नामवंत गोलरक्षकांनी अडवलेल्या शॉटच्या चित्रफिती फोनवर पाहतो आणि शनिवारी टीव्हीवर कॉलेजचे सामने लावतो. ‘वरच्या दर्जाचे सामने पाहत जा, त्यातून शिकशील’ असे त्याच्या प्रशिक्षकांनीच सांगितले आहे. प्रत्यक्षात मात्र दोन हंगाम पाहूनही त्याच्या खेळात मला फरक दिसत नाही. उलट टीव्हीवर पाहिलेली झेप तो मैदानात मारून बघतो आणि चेंडू नेमका दुसऱ्या बाजूने आत जातो. सात-आठ गोल झाले की तो खचतो आणि घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलत नाही. मी क्रिकेट बघत वाढलेला माणूस, या खेळातले बारकावे मला कळत नाहीत. सामने पाहून खरोखर शिकता येते का? येत असेल तर नेमके काय पाहायचे? आणि यात बाप म्हणून मी काय करू शकतो?
— एक पालक, मेरीलँड

उत्तर : सप्रेम नमस्कार. सामने पाहून गोलरक्षकाला खूप शिकता येते, आणि तुमच्या मुलाच्या प्रशिक्षकांनी दिलेला सल्ला योग्यच आहे. अडचण एवढीच आहे की तुमचा मुलगा सामन्यातला नेमका तोच भाग पाहतो आहे, जो पाहून कोणालाच काही शिकता येत नाही. फोनवरची चित्रफीत शॉट मारणाऱ्याचा हात मागे जातो तिथे सुरू होते आणि चेंडू अडला, प्रेक्षक ओरडले की संपते. गोलरक्षकाचे बहुतेक काम त्या आधीच्या दहा-बारा सेकंदांत झालेले असते, आणि उरलेले काम चेंडू हातात आल्यावर सुरू होते. हे दोन्ही भाग कापून टाकल्यावर शिल्लक राहते ती केवळ विजेसारखी एक हालचाल. ती बघून मुलाला वाटते की चपळाई म्हणजेच गोलरक्षण, आणि मग तो झेपा घेऊ लागतो.

याचा हिशेब एकदा त्याच्याबरोबर बसून मांडून पाहा. कॉलेजच्या वरच्या फळीतला खेळाडू चेंडू ताशी ९० मैलांच्या आसपास वेगाने सहज मारतो. ताशी ९० मैल म्हणजे सेकंदाला १३२ फूट. असा शॉट १० यार्डांवरून, म्हणजे ३० फुटांवरून आला, तर तो सेकंदाच्या पाव भागाहूनही कमी वेळात गोलरेषेवर पोहोचतो. डोळ्यांनी टिपलेल्या गोष्टीला हाताने प्रतिसाद द्यायलाच माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. शाळेच्या पातळीवर वेग कमी असतो, पण तिथेही फार सवड मिळत नाही. गोल ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच, म्हणजे ३६ चौरस फुटांचा. शॉट सुटल्यानंतर विचार करून एवढी जागा राखणे अशक्य आहे. ती राखली जाते ती आधी घेतलेल्या जागेमुळे, स्थिर पायांमुळे आणि योग्य ठिकाणी खिळलेल्या नजरेमुळे. म्हणून मुलाला सांगा, की यापुढे सामना पाहताना सेव्ह कशी झाली, म्हणजे शॉट कसा अडला, हे पाहू नकोस, सेव्ह होण्याआधी गोलरक्षक काय करत होता ते पाहा.

सर्वप्रथम पाय पाहायला लावा. चेंडू एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे फिरत असताना चांगला गोलरक्षक छोट्या, सरपटत्या पावलांनी त्याच्यासोबत सरकत असतो, पण शॉट मारणाऱ्याने हात मागे नेला की तो थांबतो. दोन्ही पाय जमिनीवर, खांद्याइतक्या अंतरावर, भार चवड्यांवर, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीपासून सुटे आणि पुढे, स्टिकचे हेड, म्हणजे जाळीचे टोक, कानाच्या बाजूला उभे. ही स्थिती तो शॉटच्या क्षणी घेत नाही. शॉट सुटतो तेव्हा तो आधीच तिच्यात असतो. टीव्हीवरचे चित्र चेंडू स्टिकमधून निघतो त्या क्षणी गोठवा आणि मुलाला एकच विचारा, दोन्ही पाय जमिनीवर आहेत का? मग शाळेच्या सामन्याचे तुम्ही किंवा इतर पालकांनी केलेले चित्रीकरण घेऊन त्याच्या स्वतःच्या पायांबाबत हाच प्रश्न विचारा. मला खात्री आहे की गोल झालेल्या बऱ्याच शॉटच्या वेळी त्याचा एक पाय हवेत किंवा अर्ध्या पावलात असेल. चालत्या शरीराला दिशा बदलण्यासाठी आधी थांबावे लागते, आणि तेवढा वेळ या खेळात मिळत नाही.

त्यानंतरच्या हालचालीबद्दल त्याचा जो गैरसमज झाला आहे, तो संथगतीने पाहिल्यावर आपोआप दूर होईल. टीव्हीवर जी झेप वाटते ती बहुतेक वेळा झेप नसते. आधी वरचा हात चेंडूकडे निघतो, हातापाठोपाठ त्या बाजूचा पाय पुढे आणि तिरका असा एक छोटा टप्पा घेतो आणि मग दुसरा पाय त्याच्या जवळ ओढला जातो, म्हणजे छाती चेंडूच्या मागे येते. शरीर पुढे लोटले गेल्यामुळे शेवटी जो झोक जातो, तोच आपल्याला झेप म्हणून दिसतो. तुमचा मुलगा या शेवटच्या झोकाची नक्कल करतो आहे. ती करायची तर शॉट सुटण्याआधीच दिशेचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज बांधणारा गोलरक्षक शाळेतल्या खेळाडूंच्याही लगेच लक्षात येतो. साधी हुलकावणी दिली की पुरते.

आता नजरेविषयी, कारण इथे तुमचे क्रिकेट उपयोगी पडेल. फलंदाज गोलंदाजाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, चेंडू सुटणाऱ्या हाताकडे पाहतो. तसेच लॅक्रॉसच्या गोलरक्षकाने शॉट मारणाऱ्याचे डोळे, खांदे, हेल्मेट यांच्याकडे दुर्लक्ष करून स्टिकच्या जाळीत बसलेल्या चेंडूकडे पाहायचे असते. यातला एक बारकावा बहुतेक शाळकरी गोलरक्षकांकडून सुटतो. आक्रमक खेळाडूची स्टिक साधारण ४० इंचांची असते. त्याने हात लांबवून बाजूने शॉट मारला, तर चेंडू त्याच्या छातीपासून यार्डभर किंवा त्याहूनही बाहेरून निघतो. अशा वेळी गोलरक्षक शॉट मारणाऱ्याच्या शरीरासमोर नीट उभा असला, तरी चेंडूच्या रेषेत तो नसतोच. एका बाजूला त्याने वीतभर जास्त जागा उघडी ठेवलेली असते आणि चेंडू तिथूनच जातो. वरच्या दर्जाच्या सामन्यात उजव्या हाताचा खेळाडू मधून डावीकडे किंवा उजवीकडे धावत शॉट मारायला येतो, तेव्हा गोलरक्षक त्याच्या पोटासमोर उभा राहतो की स्टिकच्या हेडसमोर, हे मुलाला पाहायला सांगा. एका क्वार्टरमध्ये एवढे एकच पाहिले तरी पुष्कळ झाले. त्याच्या जोडीला चेंडू कोणत्या उंचीवरून निघाला हेही लक्षात येऊ लागेल. खांद्यावरून मारलेला शॉट पुष्कळदा टप्प्याने येतो, आणि कसलेला गोलरक्षक त्या टप्प्यावर पुढे सरसावतो, चेंडू उसळून कुठे जाईल याची वाट पाहत मागे थांबत नाही.

जागा घेण्याचा विषय थोडा भूमितीचा आहे. गोलाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गोलरक्षकासमोर एक अर्धवर्तुळाकार वाट आखली आहे असे समजा. चेंडू समोर मध्यभागी असेल तर तो या वाटेच्या सर्वांत पुढच्या जागी उभा राहतो, चेंडू बाजूला गेला की तो त्या बाजूने खाली सरकतो, आणि चेंडू गोलरेषेच्या समांतर आला की खांबाला चिकटतो. समोर जितके पुढे यावे तितका शॉट मारणाऱ्याला दिसणारा गोल लहान होतो, पण प्रतिसादाला मिळणारा वेळही घटतो आणि चेंडू अचानक दुसऱ्या बाजूला पास झाला तर सरकायचे अंतर वाढते. म्हणूनच ही वाट गोलापासून किती पुढे ठेवायची याचे उत्तर उंची, हातांचा वेग आणि पायांची चपळाई यांवर अवलंबून असते, आणि नामवंत गोलरक्षकांमध्येही त्याबाबत एकमत नाही. मुलाने कोणाची वाट उचलायची नाही. ती सतत सारखीच कशी राहते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक वेळी तेवढीच पावले कशी पडतात, हे उचलायचे. गोलरक्षक मधूनमधून स्टिकने खांबाला हलकेच टकटक करताना दिसेल. मागे वळून न पाहता आपण कुठे आहोत हे तो त्यातून पडताळून पाहत असतो. ही सवय तुमच्या मुलाला लागली तर उद्याच्या सरावातच तिचा उपयोग होईल.

माझ्या मते सामने पाहून सर्वांत जास्त शिकण्यासारखा प्रसंग मात्र वेगळाच आहे, आणि तो चित्रफितींमध्ये जवळजवळ कधीच दिसत नाही. तो म्हणजे चेंडू गोलाच्या मागे असतो ती वेळ. लॅक्रॉसमध्ये गोलाच्या मागेही खेळायला जागा असते. मधोमध मागच्या त्या जागेला खेळाडू ‘एक्स’ म्हणतात, आणि उत्तम संघांचा निम्मा डाव तिथूनच रचला जातो. चेंडू एक्सवर गेला की गोलरक्षकाला समोरच्या मैदानाकडे पाठ करावी लागते. आता चांगल्या गोलरक्षकाकडे नीट पाहा. त्याचे शरीर चेंडूकडे वळलेले असते, स्टिकचे हेड वर असते, म्हणजे गोलावरून समोर टाकलेला पास जमल्यास हवेतच अडवता यावा. पण तो नुसता चेंडूकडे पाहत राहत नाही. क्षणभर मान फिरवून समोर क्रीजजवळ, म्हणजे गोलाभोवती आखलेल्या वर्तुळाजवळ, कोण उभे आहे, कोण धावत आत येते आहे, हे टिपतो आणि नजर पुन्हा चेंडूवर आणतो. पास देणारा ज्या खांबाच्या बाजूने पुढे येऊ लागतो, त्या खांबाकडे तो आधीच सरकलेला असतो. मग पास सुटतो. इथे कच्चा गोलरक्षक हवेतून जाणाऱ्या चेंडूच्या मागे मान फिरवत वळतो आणि चेंडू झेलणाऱ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो अजून अर्धवट वळलेला असतो. पक्का गोलरक्षक चेंडूचा पाठलाग करत नाही. पास कोणाकडे निघाला हे स्टिकमधून सुटतानाच ओळखून तो सरळ त्या झेलणाऱ्याच्या स्टिककडे वळतो, पाय आधी आणि डोके त्यांच्याबरोबर, आणि वळून झाल्यावर थांबतो. समोरून शॉट येतो तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर असतात. हे सारे घडायला एका सेकंदापेक्षा थोडासाच जास्त वेळ लागतो. मुलाने हा एक प्रसंग चित्र मागे-पुढे करत पाहिला आणि मग अंगणात चेंडूशिवाय, नुसत्या पावलांनी करून पाहिला, तर महिन्याभरात तुम्हालाही फरक दिसू लागेल. हे करायला घाम गाळावा लागतो, पण त्यासाठी प्रतिभा लागत नाही.

बोलण्याबद्दलही लिहायला हवे, कारण टीव्हीचा आवाज बंद करून सामना पाहणाऱ्या मुलाला ते कळतच नाही. आपल्या सहा बचावपटूंपैकी कोणाला चेंडू कुठे आहे हे सतत दिसत नसते. गोलरक्षकाला ते दिसते. म्हणून तो चेंडू प्रत्येक वेळी कुठे गेला हे ओरडून सांगतो, चेंडूवर कोण आहे आणि मदतीला पहिला कोण धावणार हे विचारतो, पास आत येताच सर्वांना प्रतिस्पर्ध्यांच्या स्टिकवर मारायला सांगतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक प्रीमियर लॅक्रॉस लीगच्या, म्हणजे पीएलएलच्या प्रक्षेपणात काही खेळाडूंच्या अंगावर मायक्रोफोन असतात. तिथे गोलरक्षकाचा आवाज ऐकायला मिळाला तर तो कान देऊन ऐकायला सांगा. त्या आवाजात घाबरटपणा नसतो आणि शब्द मोजके असतात. पंधरा वर्षांच्या मुलाला मैदानात मोठ्याने बोलायला संकोच वाटतो, हे स्वाभाविक आहे. टीव्हीसमोर बसून त्या गोलरक्षकाच्या वतीने स्वतः मोठ्याने बोलायची सवय करू द्या. घरच्यांना थोडा गोंगाट सहन करावा लागेल, पण संकोच जाण्याचा यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

चेंडू अडल्यानंतरचा भागही तेवढाच बघण्यासारखा आहे. पुरुषांच्या खेळात चेंडू ताब्यात आल्यावर गोलरक्षकाला क्रीजमध्ये, म्हणजे गोलाभोवतीच्या ९ फूट त्रिज्येच्या वर्तुळात, चारच सेकंद मिळतात. तेवढ्यात पास द्यायचा किंवा बाहेर पडायचे, आणि चेंडू घेऊन एकदा बाहेर पडल्यावर परत आत येता येत नाही. या चार सेकंदांत उत्तम गोलरक्षक पहिली नजर दूर, मैदानाच्या वरच्या बाजूला टाकतो. शॉट मारणारा बहुधा तोल जाऊन पुढे आलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर पहारा ठेवणारा आपला मिडफिल्डर बऱ्याचदा मोकळा सुटलेला असतो. तो दिसला नाही तरच नजर जवळच्या बचावपटूकडे वळते. हे कौशल्य पुढे आणखी मोलाचे होणार आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या खेळांसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही मंजुरी मिळाली, आणि तिथे ‘सिक्सेस’ हा सहा-सहा खेळाडूंचा लहान मैदानावरचा प्रकार खेळला जाणार आहे. त्यात गोल झाल्यावर चेंडू मध्यभागी नेऊन फेसऑफ, म्हणजे दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूत चेंडूसाठी झुंज, होत नाही; ज्याच्यावर गोल झाला तोच गोलरक्षक जाळीतून चेंडू काढून पुढचा डाव सुरू करतो. दुःख करायला तिथे वेळच नसतो.

यावरून तुमच्या मुलाच्या खचण्याकडे येतो. हा विषय मला पत्रात सर्वांत जास्त टोचला. त्याने कधी मोठ्या गोलरक्षकांवर झालेले गोल मोजले आहेत का? लॅक्रॉसमध्ये सेव्हची टक्केवारी काढताना अडवलेले शॉट भागिले अडवलेले आणि आत गेलेले मिळून सारे शॉट असा हिशेब करतात, आणि पुरुषांच्या कॉलेज लॅक्रॉसमध्ये ५५ टक्क्यांच्या वर राहणारा गोलरक्षक उत्तम समजला जातो. म्हणजे गोलाच्या दिशेने आलेल्या शंभर शॉटपैकी पंचेचाळीसच्या आसपास आत जाऊनही तो देशातल्या उत्तम गोलरक्षकांत गणला जातो. २०२३ च्या एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात नोत्र देम विद्यापीठाने ड्यूक विद्यापीठाला १३-९ असे हरवले. नोत्र देमच्या लियम एन्टेनमनने त्या दिवशी १८ शॉट अडवले आणि तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्यावर नऊ गोल झाले होते. तुमच्या बाल्टिमोरमधल्याच होमवूड फील्डवर २०१९ मध्ये झालेल्या महिलांच्या अंतिम सामन्यात मेरीलँडने बोस्टन कॉलेजला १२-१० ने हरवले, आणि मेरीलँडची गोलरक्षक मेगन टेलर हिला त्या वर्षी टेवाराटन पुरस्कार मिळाला. कॉलेज लॅक्रॉसमधला हा सर्वोच्च सन्मान मिळवणारी ती पहिली गोलरक्षक. अंतिम सामन्यात तिच्या मागच्या जाळीत चेंडू दहा वेळा गेला होता. २०१० मध्ये तर नोत्र देम ड्यूककडून जादा वेळेत ६-५ असे हरूनही त्यांचा गोलरक्षक स्कॉट रॉजर्स स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला. ही नावे आणि आकडे मुलाला सांत्वन म्हणून ऐकवू नका. त्याच्या खेळात किती गोल होणे साधारण आहे याचे माप म्हणून सांगा. सात-आठ गोल झाले आणि त्याने तितकेच अडवले, तर तो वाईट खेळलेला नाही.

त्याचबरोबर सामन्यात गोल झाल्यानंतरची वीस-तीस सेकंदे त्याला मुद्दाम पाहायला लावा. प्रक्षेपणात तेव्हा गोल करणाऱ्याचा जल्लोष दाखवतात, पण मैदानात बसून पाहिले तर गोलरक्षक दिसतो. तो चेंडू जाळीतून बाहेर काढतो, जवळच्या बचावपटूशी दोन शब्द बोलतो, पाणी पितो, खांबांना स्टिक लावतो आणि पुन्हा जागेवर उभा राहतो. प्रत्येकाची यातली रीत वेगळी असते, पण काहीतरी ठरलेली रीत असते. तुमच्या मुलानेही स्वतःची रीत ठरवावी. आणखी एक गोष्ट, त्याने मोठ्यांवर झालेल्या गोलांची चित्रफीत पाहावी. गोल होताना जागा चुकली, पाय हलत होते, की बचावातच कोणी चुकले आणि सहा यार्डांवरून मोकळा शॉट आला, हे तो ओळखू लागला की स्वतःवर झालेल्या गोलांकडेही त्याच शांतपणे पाहील. काही शॉट अडवण्यासारखे नसतातच, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे.

कोणाला पाहावे याबद्दल थोडी सावधगिरी बाळगा. ब्लेझ रिओर्डन हा पीएलएलमधल्या केऑस संघाचा गोलरक्षक २०२१ मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, आणि तो बंदिस्त मैदानातल्या बॉक्स लॅक्रॉसमध्ये गोल करणारा आक्रमक खेळाडू म्हणूनही खेळतो. त्याचे हात, त्याचे पास आणि क्रीज सोडून धावण्याचे धाडस पाहायला मुलाला फार आवडेल, पण ते धाडस त्या हातांवर उभे आहे. मुलाने त्यातून घ्यायचे ते इतकेच, की सरावाच्या शेवटी दहा मिनिटे स्वतः शॉट मारावेत आणि दोन्ही हातांनी पास द्यावेत. शॉट मारणारा काय पाहतो हे ज्याला कळते तो गोलरक्षक म्हणूनही सुधारतो. बॉक्स लॅक्रॉसचे सामने त्याने मजेसाठी जरूर पाहावेत, मात्र गोलरक्षणाचे धडे तिथून घेऊ नयेत. तिथला गोल बराच लहान असतो, गोलरक्षक अंगभर जाड पॅड बांधून जागा अडवतो, आणि त्याचे तंत्र ६ फुटी गोलाला चालत नाही. कॅनडाचा डिलन वॉर्ड दोन्ही प्रकारांत उत्तम खेळतो आणि २०१४ च्या जागतिक स्पर्धेत तो सर्वांत मौल्यवान खेळाडूही ठरला, पण तसे फार थोडे असतात. पीएलएलमध्ये ५२ सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारण्यासाठीची वेळमर्यादा, असते, मैदान लहान असते आणि लांबून केलेल्या गोलाला दोन गुण मिळतात, त्यामुळे तिथला वेग आणि शॉटची निवड शाळेच्या खेळाहून फार वेगळी असते. शिकण्यासाठी कॉलेजचे सामने अधिक बरे, आणि शक्यतो तुमच्या मुलाच्या बांध्याशी जुळणारा एखादा गोलरक्षक निवडून संपूर्ण हंगामभर त्यालाच पाहावे.

टीव्हीची एक मर्यादा मात्र उपायाने जात नाही. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि गोलरक्षक बराच वेळ चित्राबाहेर असतो. तुम्ही मेरीलँडमध्ये राहता, हे तुमचे भाग्य आहे. जॉन्स हॉपकिन्स, लोयोला, टाउसन, ॲनापोलिसची नौदल अकादमी (नेव्ही), कॉलेज पार्कचे मेरीलँड विद्यापीठ हे सारे संघ तुमच्यापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर आहेत आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्यांचे सामने चालू असतात. त्याला दोन-तीन सामन्यांना घेऊन जा, सामना सुरू होण्याच्या बऱ्याच आधी पोहोचा आणि गोलाच्या मागे किंवा बाजूच्या कोपऱ्याजवळ बसा. मधल्या जागा महाग असतात आणि या कामाला त्या निरुपयोगी आहेत. सामन्याआधी गोलरक्षकाला सराव कसा देतात ते पहिल्यापासून पाहा. प्रशिक्षक एका ठरलेल्या क्रमाने, आधी हळू आणि मग जोरात, वर, कमरेजवळ, खाली आणि टप्प्याने असे शॉट मारतात, आणि गोलरक्षकाची पावले तेव्हा सर्वांत स्वच्छ दिसतात. घरी हाच क्रम करून पाहायचा असेल तर टेनिसचे चेंडू वापरा आणि हेल्मेट, गळ्याचे संरक्षक व छातीचे पॅड घातल्याशिवाय त्याला गोलासमोर उभे करू नका. लॅक्रॉसच्या कठीण रबरी चेंडूचा छातीवर बसलेला फटका हृदयाची लय बिघडवू शकतो. म्हणूनच २०२१ पासून गोलरक्षकांसाठी ठरावीक मानकाचे छातीचे पॅड अमेरिकेत सक्तीचे आहे.

शेवटी तुमच्या प्रश्नातला तुमचा स्वतःचा भाग. खेळ कळत नाही म्हणून तुम्ही मागे राहता आहात, पण या कामाला तांत्रिक ज्ञान लागत नाही. एक छोटी वही घ्या आणि त्याच्या प्रत्येक सामन्यासाठी एका पानावर एक चौकोन काढून त्याचे वर, मध्ये आणि खाली असे तीन, आणि डावा व उजवा असे दोन भाग करा. गोलाच्या दिशेने आलेल्या प्रत्येक शॉटसाठी तो जिथे आला त्या खणात खूण करा, अडवलेल्यासाठी वर्तुळ, आत गेलेल्यासाठी फुली, आणि शेजारी दोनच अक्षरे लिहा: पाय थांबलेले होते की नव्हते. गोलामागे उभे राहिलात तर हे तुम्हाला स्पष्ट दिसेल. चार-पाच सामन्यांनंतर फुल्या कुठे जमल्या आहेत ते आपोआप दिसू लागेल. उजव्या हाताने स्टिक वर धरणाऱ्या मुलांच्या बाबतीत त्या बहुधा डाव्या कमरेजवळ आणि डाव्या पायाजवळ सापडतात, कारण तिथे हेड फिरवून न्यायला सर्वांत जास्त अंतर पडते. ते पान गाडीत मात्र काढू नका. सामन्याच्या दिवशी तो गप्प बसला तर बसू द्या. एखाद्या निवांत संध्याकाळी, कॉलेजचा सामना लावण्याआधी वही त्याच्यासमोर ठेवा आणि आजच्या सामन्यात काय पाहायचे, हे त्यातल्या फुल्या बघून त्यालाच ठरवू द्या.